द्विवर्षायू व्हर्बॅस्कम, बहुवर्षायू व्हर्बॅस्कम आणि कोकणातला पाऊस

व्हर्बॅस्कम या फुलझाडाच्या बियांच्या पाकिटावर बरेचदा नुसतं ‘व्हर्बॅस्कम’ छापलेलं असतं, सोबत पिवळ्या फुलांच्या उंच दांड्याचं चित्र. आत नेमकी कुठली जात आहे ते त्यावरून कळत नाही. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा घोसच दिसतो, त्यामुळे घोळ वाढतो.

व्हर्बॅस्कम थॅप्सस द्विवर्षायू. पहिल्या वर्षी पानं, दुसऱ्या वर्षी दोन मीटरपर्यंत जाणारा दांडा, बी धरलं की झाड संपलं. काश्मीर, हिमाचलाकडे ते रानोमाळ उगवतं. याच झाडाच्या नायग्रम आणि शाईक्सी या जाती बहुवर्षायू: फुलोरा सरला तरी मूळ जिवंत राहतं आणि पुढच्या हंगामात तिथूनच नवी पानं फुटतात. तीही फार वर्षं टिकतात असं नाही. माळी मुळांच्या तुकड्यांपासून नवी रोपं करून ठेवतात.

आता पान चाचपून बघा. थॅप्ससचं पान दोन्ही अंगांनी घोंगडीसारखं लवदार, करडं-पांढरं. दांड्यावरच्या पानांची कड तर खोडावरून खाली उतरत जाते. नायग्रमचं पान गडद हिरवं, वरून बरंच कमी लवदार, आणि खालच्या पानांना स्पष्ट देठ. फुलं आली असतील तर प्रश्नच मिटला. नायग्रम-शाईक्सीच्या पुंकेसरांवर जांभळी लव असते, थॅप्ससच्या पुंकेसरांवर पांढरट-पिवळसर.

बी मात्र सगळ्या गोताचं चिवट. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनला बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी २०२१ साली ज्या रुजल्या, त्या व्हर्बॅस्कमच्याच!

पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात बी रुजण्याची अडचण नाहीच. युरोपातही ही झाडं थंडीनं कमी आणि हिवाळ्यातल्या ओल्या मातीनं जास्त मरतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर दमट उष्मा. लवदार पानांत पाणी साचतं आणि घोसाचा गाभा कुजतो. शिवाय यातल्या बहुतेकांना फुलोऱ्याआधी थंडी लागते, ती किनाऱ्यावर कुठून आणायची? म्हणून पाकिटावरच्या ‘बहुवर्षायू’ला इथे भुलू नये असं माझं मत.

तरी हौस असेलच, तर नायग्रम किंवा शाईक्सी घ्या. थॅप्सस दोन वर्षं थांबवतं आणि तेवढ्यात एक अख्खा पावसाळा येतोच. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात पेरा. बी मातीवर नुसतं भुरभुरा, झाकू नका, त्याला उजेड लागतो. उथळ नव्हे, खोल कुंडी घ्या, सोटमूळ लांब जातं. मातीत वाळू आणि जांभ्याची बारीक खडी भरपूर घाला, शेणखत जवळजवळ नकोच. मृगाआधी कुंडी पडवीत घ्या, पागोळ्यांपासून लांब.