फायझारम पॉलिसेफॅलम

श्लेष्मकवकांपैकी (बुरशीसारख्या दिसणाऱ्या बुळबुळीत जीवांपैकी) प्रयोगशाळेत सर्वाधिक अभ्यासली गेलेली, पिवळ्या रंगाची जाती. पूर्वी तिची गणना बुरशीत होत असे. आता अमीबोझोआ, म्हणजे अमीबा व त्याच्या नातलगांच्या गटात होते. मेंदू किंवा चेतातंतू नसतानाही ती चक्रव्यूहातील जवळची वाट शोधते, यामुळे ती जीवशास्त्राबाहेरही गाजली. तिची भाऊबंद श्लेष्मकवके पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यांवर आणि पालापाचोळ्यावर सहज दिसतात.

वाढीच्या अवस्थेतील फायझारम म्हणजे असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी; तिला प्लाझ्मोडियम म्हणतात. पुढची कडा पंख्यासारखी पसरते आणि मागे नळ्यांचे जाळे राहते. नळीची भिंत तालात आकुंचन पावते, त्यामुळे आतील द्रव एका दिशेने वाहतो, मिनिटा-दोन मिनिटांत थांबतो आणि उलट फिरतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसते. ज्या नळीतून प्रवाह जास्त ती जाड होते. कमी प्रवाहाची बारीक होत विरते. नळीचा व्यास दुप्पट झाला, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सुमारे 16 पट होतो, त्यामुळे सुरुवातीचा किरकोळ फरकही झपाट्याने वाढतो. वाट ‘शोधण्याचे’ बरेचसे श्रेय या नियमाला आहे.

चक्रव्यूहाचा प्रयोग तोशियुकी नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केला. अगारच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या, जेलीसारख्या गोठणाऱ्या पदार्थाच्या) थरावर प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापलेला चक्रव्यूह ठेवला. कोरड्या प्लास्टिकवर फायझारम सहसा चढत नाही, म्हणून तोच भिंतीचे काम करतो. बातम्यांत हमखास चुकणारा भाग पुढचा आहे. जीव एका टोकाला सोडून दुसऱ्या टोकाकडे धाडला नव्हता. त्याचे तुकडे आधी सगळ्या वाटांवर पसरून एकजीव होऊ दिले आणि मगच दोन्ही टोकांना ओटचे खाद्य ठेवले. काही तासांत आंधळ्या गल्ल्यांतून तो मागे सरला आणि शेवटी दोन खाद्यांना जोडणारी जाड नळी उरली. एका ठिकाणी पर्यायी वाटा सुमारे 41 व 33 मिलिमीटर होत्या. तेथे निवड जवळच्या वाटेची झाली. दुसऱ्या ठिकाणी त्या 44 व 45 मिलिमीटर होत्या; तेथे कधी ही, कधी ती. ‘सर्वांत जवळची वाट अचूक शोधतो’ हे विधान या मर्यादेतच वाचावे.

2010 मध्ये याच परंपरेतील गटाने टोकियो परिसरातील शहरांच्या जागी ओटचे तुकडे मांडले. डोंगरांसारखे अडथळे प्रकाशाने दाखवले, कारण फायझारम प्रकाश टाळते. सुमारे 26 तासांत तयार झालेले जाळे खर्च, कार्यक्षमता आणि एखादा दुवा तुटला तरी टिकण्याची क्षमता या निकषांवर तेथील रेल्वेच्या तोडीचे ठरले. मात्र ते रेल्वेची हुबेहूब नक्कल नव्हते आणि दर प्रयोगात वेगळे होते.

स्मृतीचे प्रयोगही आहेत. 2012 मधील अभ्यासात इंग्रजी ‘यू’ आकाराच्या सापळ्यातून सुटताना फायझारम आधी फिरलेली जागा आपल्याच सोडलेल्या चिकट थरावरून ओळखून टाळते, असे दिसले. अगारवर आधीच तो थर पसरला, तेव्हा यशाचे प्रमाण खूप घटले.

संवर्धन सोपे आहे, पण काही चुका नेहमी होतात. 100 मिलिलिटर पाण्यात 1.5 ग्रॅम अगार पूर्ण विरघळेपर्यंत उकळून बशीत थर ओतावा. पोषकद्रव्य घालू नये. त्यावर आधी जिवाणू आणि बुरशीच माजते. थर गोठल्यावर पृष्ठभागावरचे पाणी जाऊ द्यावे. साधे ओट दोन-चार पुरेत. मसाला ओट नकोत, मिठापासून फायझारम दूर जाते. बशी अंधारात, 20 ते 25 अंश सेल्सिअसला ठेवावी. कोकणात आणि विदर्भात उन्हाळ्यात हे तापमान खोलीत मिळत नाही. हिरवी-काळी बुरशी दिसताच ती खरवडत बसण्यापेक्षा, पुढे सरकलेल्या स्वच्छ कडेचा तुकडा अगारसकट कापून नव्या बशीत हलवावा. अन्न संपले की जीव झाकणावर चढतो किंवा फटीतून बाहेर पडतो. उपाशी प्लाझ्मोडियमवर प्रकाश पडत राहिला, तर ते बीजाणू तयार करते आणि मग तेच प्लाझ्मोडियम परत मिळत नाही.

साठवणीसाठी ते ओल्या गाळणकागदावर चढू द्यावे आणि अन्नाविना, अंधारात, काही दिवस सावकाश वाळू द्यावे. घाईने वाळवल्यास ते मरते. नीट वाळलेला नारिंगी, कडक कागद कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो. लागेल तेव्हा त्याचा लहान तुकडा अगारवर ठेवून पाण्याचे दोन थेंब टाकावेत. पहिला ओट मात्र जीव हलू लागल्यावरच द्यावा, नाहीतर तो आधी बुरशीच्या तोंडी जातो.