गरोदरपणात इमर्जन्सीचं ट्रेनिंग: जड काम नेमकं कोणतं?

एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेअकरा. नागपुरात या वेळी खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका बसतो. वर्गात कूलर घरघरत होता आणि अपघातातल्या रुग्णाला पाठीच्या फळीवर कसं बांधायचं, याचा सराव चालला होता. सरावाला रुग्ण लागतो. बॅचमधल्या एका मुलीला एकविसावा आठवडा लागला होता. तिला उचलाउचल नको, म्हणून मीच म्हटलं, "तू रुग्ण हो, नुसतं पडून राहायचंय."

चार पट्टे आवळले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावले. बाकीचे बीपीचा पट्टा गुंडाळण्यात गुंतले. तीनेक मिनिटांत तिच्या ओठांचा रंग उतरला, कपाळावर बारीक घाम आला. "मॅडम, मळमळून राहिलं." मी फळीची उजवी कड उचलली आणि खाली दोन चादरींच्या गुंडाळ्या सरकवल्या. फळी डावीकडे कलली आणि मिनिटभरात तिच्या तोंडावर रंग परत आला.

चूक माझी होती. सगळ्यांत हलकं म्हणून मी तिला दिलेलं कामच तिच्या शरीराला सगळ्यांत जड होतं. त्या दिवसापासून गरोदर प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. जड काय आणि हलकं काय, हे शरीराच्या हिशोबाने ठरवायला लागते.

त्या फळीवर काय झालं ते बघू. पाय आणि पोटाकडचं रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर कण्याच्या थोडी उजवीकडून वर जाते. तिची भिंत पातळ असते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत पोचतं आणि बाई सपाट उताणी झोपली की त्याचं ओझं या शिरेवर पडतं. शीर दबते, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. जेवढं येईल तेवढंच हृदय पुढे ढकलणार, त्यामुळे बीपी पडतं. वारेकडे, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या गर्भाशयातल्या अवयवाकडे, जाणारं रक्तही घटतं. काही जणींच्या शरीरात आजूबाजूच्या लहान शिरा हे काम सांभाळून घेतात, म्हणून त्यांना काही जाणवत नाही. पण जाणवलं नाही म्हणजे दाब नाही, असं नव्हे. डाव्या बाजूला १५ ते ३० अंश कलवलं की गर्भाशय शिरेवरून सरकतं. आजीबाई "डाव्या कुशीवर झोप" म्हणतात, त्यामागे हीच शीर आहे.

याच मुलीची पल्स पहिल्या दिवशी ९४ आली होती. तिच्या जोडीदाराने दोनदा मोजली, आपलं काही चुकतंय असं त्याला वाटलं. त्याचं चुकत नव्हतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हृदय दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त फेकतं आणि विश्रांतीतली पल्स १० ते २० ठोक्यांनी वर असते. म्हणजे खुर्चीत बसलेली असतानाही, ती थोडी चालत असावी तसं तिचं हृदय काम करत असतं. रक्तात पाणी जास्त वाढतं, तांबड्या पेशी त्या मानाने कमी, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे अशा मुलीला मैदानात उतरवण्याआधी मी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मागते. तो ११ च्या खाली असेल तर आधी तिच्या डॉक्टरांशी बोलणं, मग सराव.

या वाढलेल्या रक्ताला दुसरीही बाजू आहे आणि ती रुग्णाच्या जिवाशी जाऊन भिडते. गरोदर बाईचं तिसऱ्या हिश्श्याएवढं रक्त वाहून गेलं, तरी बीपी बरंचसं शाबूत दिसू शकतं. तोवर शरीर वारेचा पुरवठा कापून आईला सांभाळत असतं. हे मी फळ्यावर लिहिते तेव्हा सगळे वहीत उतरवून घेतात. पण ती ९४ ची पल्स ज्याने स्वतः मोजली होती, तो मुलगा हे विसरणार नाही, याची मला खात्री आहे.

आता नागपूरचं ऊन. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४५ तर नेहमीचंच. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ असतं. हवा ३५ च्या खाली असते तोवर उष्णता शरीरातून हवेत जाते. हवा ४५ झाली की प्रवाह उलटा फिरतो, हवाच शरीरात उष्णता ओतते. मग एकच वाट उरते, घाम सुकण्याची. आपल्याकडची हवा कोरडी, घाम येताक्षणी उडून जातो, कपडा ओला होतच नाही. म्हणून "मला घामच येत नाही" म्हणणाऱ्या मुलीच्या शर्टावर दुपारी मिठाचे पांढरे पट्टे दिसतात. पोटातलं बाळ आईपेक्षा जवळपास अर्धा अंश गरम असतं आणि आपली उष्णता वारेतून आईच्या रक्तात सोडतं. आईच तापली तर त्याने ती सोडायची कुठे? त्यामुळे मैदानावरचा सराव सकाळी नऊच्या आत उरकायचा, पाण्याची बाटली प्रत्येकीची वेगळी आणि ती रिकामी झाल्याचं मी बघायचं. एन-९५ मास्क आणि प्लास्टिकचा पूर्ण गाऊन घालून करायचा सराव तर एप्रिल-मेमध्ये गरोदर मुलीकडून करवूनच घेत नाही. त्या गाऊनच्या आत घाम सुकायला जागाच नसते.

उचलण्याचं गणित सोपं आहे, पण लोक त्यात वजनच तेवढं बघतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार, अधूनमधून आणि अंगालगत उचलायचं असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात साधारण १६ किलो आणि विसाव्या आठवड्यानंतर साधारण १२ किलो ही मर्यादा. माणसासकट स्ट्रेचर शंभर किलोच्या घरात जातं. दोघांत वाटलं तरी प्रत्येकी पन्नास. शिवाय पोट पुढे आलं की ओझं कण्यापासून लांब जातं. तेच वजन दुप्पट अंतरावर धरलं की कमरेवर दुप्पट ताण. सांधेही या काळात सैल असतात आणि तोल पुढे झुकलेला असतो. तेव्हा स्ट्रेचर उचलणं बंद, इथे मी घासाघीस करत नाही. ती डोक्याशी उभी राहते, श्वासमार्ग बघते, हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग चालवते, "एक, दोन, उचला" हा आवाज देते. टीमला त्या जागेवर शांत डोक्याचं माणूस लागतंच.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबण्याचा सराव, बंद करायचा का, हा प्रश्न घरच्यांकडून हमखास येतो. या मुलीलाही मी पहिल्या दिवशी बाजूला बसवलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, मले काऊन बसवून ठेवता? मी करतो ना." तिचं बरोबर होतं. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात मध्यम व्यायाम चालतो, आठवड्याला दीडशे मिनिटं करा असंच प्रसूतितज्ज्ञ सांगतात. पण सीपीआर म्हणजे मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर छाती दाबणं, तेही जमिनीवर गुडघे टेकून. तिच्या शरीराला आधीच २० टक्के जास्त प्राणवायू लागतो आणि छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला गेल्याने फुप्फुसातला शिल्लक साठा तेवढाच घटलेला असतो. म्हणून धाप लवकर लागते. आम्ही डमी टेबलावर घेतली, दोन मिनिटांऐवजी एका मिनिटाने पाळी बदलली आणि दाबताना मोठ्याने मोजायला लावलं. आकडे तुटक यायला लागले की थांबायचं. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, बीपी वाढलेलं असेल, तर मात्र सराव नाही, फक्त बघायचं. पोट वारंवार आवळायला लागलं किंवा पाणी गेलं, तर वर्ग सोडून थेट दवाखाना.

न दिसणारी ओझी आणखी आहेत. सायरनच्या आवाजाला आईने कानात बोळे घातले तर तिचे कान वाचतात, बाळाचे नाही; विसाव्या आठवड्यानंतर त्याचा कान ऐकण्याजोगा होत जातो. ११५ डेसिबलच्या वरचा आवाज गरोदर बाईने टाळावा असं सांगितलं जातं, म्हणून चालू भोंग्याजवळ तिला उभं करायचं नाही. रात्रपाळीबद्दल डेन्मार्कमधला २०१९ चा मोठा अभ्यास आहे: आठवड्यात दोन किंवा अधिक रात्री काम केलेल्यांमध्ये, आठव्या आठवड्यानंतर, गर्भपाताचा धोका ३२ टक्के जास्त दिसला. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही; पण शिकण्यासाठी रात्री जागायलाच हवं असं काही नसतं. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत पोस्टिंग असेल तर पोर्टेबल एक्स-रेच्या वेळी दोन मीटर मागे सरायचं. अंतर दुप्पट झालं की किरण चौथ्या हिश्श्यावर येतात. कांजिण्या आणि रुबेलाच्या लसी गरोदरपणात देत नाहीत, त्यामुळे त्यांची चौकशी प्रवेशाच्या वेळीच झालेली बरी. आणि धावत्या गाडीत मागे बसल्यावर पट्टा लावायचाच, खालची पट्टी पोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्यात.

महाराष्ट्रात १०८ ची गाडी २०१४ पासून धावते आहे. तिच्या मागच्या भागात उद्या ही मुलगी असेल आणि समोरच्या स्ट्रेचरवर कदाचित तिच्यासारखीच दोन जिवांची बाई. गरोदर रुग्णाचं हृदय थांबलं तर छाती दाबताना तिला कलवत नाहीत. ती उताणीच राहते आणि दुसरा माणूस गर्भाशय हातांनी डावीकडे सरकवून धरतो. हा धडा आला तेव्हा आमच्या डमीला पोटच नव्हतं. टॉवेलची गुंडाळी बांधून आम्ही ते केलं. ती डमीच्या डाव्या बाजूला गेली, दोन्ही तळवे पलीकडून पोटाला लावले आणि आपल्याकडे ओढून धरले. एकाने विचारलं, वीस आठवडे झालेत हे रस्त्यावर कळणार कसं? तिने स्वतःच्या ओढणीवरून बेंबीवर आडवा हात ठेवला. "पोट इथवर आलं असलं, की सरकवायचं." मग परत डमीकडे वळली आणि छाती दाबणाऱ्याला म्हणाली, "तू थांबू नको. मोज."