ट्रान्सजेंडर म्हणजे नेमकं कोण?

ट्रान्सजेंडर हा विषय निघाला की गे, इंटरसेक्स, नाजूक चालणारा मुलगा, ऑपरेशन केलेली व्यक्ती, सगळ्यांना लोक एकाच पोत्यात भरतात. पण हे प्रश्नच वेगळे आहेत, आणि एकाचं उत्तर माहीत असलं म्हणून दुसऱ्याचं कळतं असं अजिबात नाही.

मूल जन्मलं की बाहेरचे अवयव बघून मुलगा की मुलगी ते ठरतं आणि कागदावर चढतं. बहुतेकांना मोठेपणीही ते बरोबरच वाटतं, ते सिसजेंडर (ही शिवी नाहीये, उगाच चिडू नका). ज्यांना आतून ठामपणे वाटतं की आपण ते नाहीच, ते ट्रान्सजेंडर. जन्मावेळी मुलगी अशी नोंद झालेला पण पुरुष असलेला तो ट्रान्स पुरुष आणि याच्या उलट ती ट्रान्स स्त्री, इथे भलेभले गोंधळतात. ज्यांना यातलं एकही लेबल पूर्ण लागू होत नाही त्यातले बरेच जण स्वतःला नॉन-बायनरी म्हणवतात. प्रेम कुणावर बसतं हा प्रश्न पूर्ण वेगळा, ट्रान्स स्त्रीला पुरुष आवडतील, बायका आवडतील, दोघंही आवडतील किंवा कुणीच नाही. कपडे कसे घालतात, चालतात कसे याचंही तेच, त्यावरून ओळख ठरत नाही.

इंटरसेक्स म्हणजे शरीराच्या घडणीतला फरक. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत त्याच्या लैंगिक ग्रंथी दोन्हीपैकी कुठल्याही दिशेने जाऊ शकतात, मग वाय क्रोमोसोमवरचा एसआरवाय जीन (हा 1990 मध्ये सापडला) चालू झाला की वृषण बनतात आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुटायला लागतं. पण काहींच्या पेशी या हार्मोनला दादच देत नाहीत, याला अँड्रोजेन इनसेन्सिटिव्हिटी म्हणतात. क्रोमोसोम एक्स-वाय (जे सहसा पुरुषांत असतात), शरीर बाहेरून मुलीचं, आणि बऱ्याचदा वयात येऊनही पाळी येत नाही म्हणून तपासणी केली तेव्हाच हे कळतं. हा प्रकार पूर्ण स्वरूपात असलेल्या बहुतेक जणी स्वतःला बाईच मानतात, म्हणजे इंटरसेक्स आहेत पण ट्रान्स नाहीत.

मग ही आतली ओळख येते कुठून, संगोपनातून? जॉन मनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाला तसंच वाटायचं. कॅनडात 1965 मध्ये जन्मलेल्या जुळ्या मुलांपैकी एकाचं लिंग सुंता करताना जळालं, तर मनीच्या सल्ल्याने त्याचे वृषण काढून त्याला मुलगी म्हणून वाढवलं, पुढे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोनही दिलं, आणि मनी वर्षानुवर्षं प्रयोग यशस्वी झाला असं सांगत राहिला. प्रत्यक्षात ते मूल कायम अस्वस्थ होतं. चौदाव्या वर्षाच्या आसपास आईवडिलांनी खरं सांगितलं आणि त्याने लगेच मुलगा म्हणून राहायला सुरुवात केली, डेव्हिड हे नाव घेतलं. 2004 मध्ये डेव्हिड रायमरने आत्महत्या केली. तो ट्रान्स नव्हता, पण वाढवू तशी ओळख घडते या कल्पनेला त्याने मोठा तडा दिला. अर्थात एका केसवर सिद्धांत उभा करू नये, अशाच एका दुसऱ्या केसमध्ये ती व्यक्ती स्त्री म्हणूनच राहिली.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून जनुकांचा काही वाटा असावा असं दिसतं, मेंदूवरचेही अभ्यास झालेत पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत माणसं फारच थोडी होती. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून कोण ट्रान्स आहे हे सांगता येत नाही, त्या माणसाला विचारावंच लागतं.

आजार आहे का? अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर (म्हणजे ओळखीचा विकार) हे जुनं नाव काढून जेंडर डिस्फोरिया आणलं, म्हणजे ओळख हा आजार नाही, शरीर आणि ओळख जुळत नसल्याने होणारा त्रास हा उपचाराचा विषय. तो त्रास प्रत्येकाला होतोच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतूनही 2022 पासून हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर आलंय.

ट्रान्झिशन, म्हणजे आपल्या ओळखीप्रमाणे जगण्यासाठी केलेले बदल, म्हणजे फक्त ऑपरेशन असाही एक समज आहे. कुणी नुसतं नाव बदलतं, कुणी हार्मोन घेतं, कुणी काहीच करत नाही. टेस्टोस्टेरॉन घेतलं की काही महिन्यांत आवाज फुटतो आणि औषध थांबवलं तरी तो परत बारीक होत नाही. उलट बाजूने मात्र पंचाईत आहे, वयात येताना एकदा स्वरतंतू जाड झाले की इस्ट्रोजेनने ते पातळ होत नाहीत, त्यामुळे ट्रान्स स्त्रियांना आवाजासाठी व्हॉइस थेरपी घेऊन रोज सराव करावा लागतो आणि दाढीसाठी लेझर नाहीतर इलेक्ट्रोलिसिसच्या (विजेने केसांची मुळं मारतात त्या) चकरा.