घर उघडे, धनी परदेशात : गोमंतकीयांच्या कर-निवासाची पार्श्वभूमी

कुवेतला असलेला भाऊ चवथीला येऊन महिनाभर राहतो, फेब्रुवारीत गावच्या जत्रेला पुन्हा येतो आणि मार्चमध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी तिसऱ्यांदा विमानात बसतो, तेव्हा घरातले कोणीतरी कॅलेंडर घेऊन दिवस मोजायला लागते. या मोजणीला कारणही तसेच आहे. भारताचा आयकर कायदा मुळात नागरिकत्व बघून कर लावत नाही, त्या वर्षीचे निवासस्थान बघून लावतो. 'निवासी' ठरलात तर जगात कुठेही कमावलेल्या पैशावर भारतात कर आणि 'अनिवासी' असाल तर फक्त भारतात मिळालेल्या किंवा भारतात उद्भवलेल्या उत्पन्नावर. कुवेत किंवा दुबईत पगारावर व्यक्तिगत आयकर नाही. त्यामुळे तिथे राबणाऱ्या माणसासाठी या दोन शब्दांमध्ये वर्षाच्या साऱ्या बचतीचा फरक पडू शकतो.

हे नियम वेळोवेळी का बदलले ते कळले की आजचा गुंता बराच सुटतो. आधी कायद्याने घर पाहिले, मग दिवस आणि आता दिवसांच्या जोडीला उत्पन्न. गोव्यात हे तिन्ही नेहमीच एकमेकांत गुंतलेले होते.

'निवासी' कोण हे ठरवणारे सविस्तर कलम १९२२ च्या आयकर कायद्यात १९३९ च्या दुरुस्तीने आले. वर्षातून १८२ दिवस राहणारा निवासी, हे तेव्हाही होतेच. पण जोडीला आणखी एक अट होती. एखाद्याने वर्षात १८२ दिवस राहते घर ठेवले, किंवा त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी ठेवले, आणि तो स्वतः त्या वर्षी एखादा दिवस जरी येऊन गेला, तरी तो निवासी. 'निवासी, पण सर्वसाधारणपणे निवासी नसलेला' हा मधला वर्गही त्याच काळातला. त्याचे नाव आज आरएनओआर असे घेतले जाते.

गोमंतकीयाला त्या वेळी हा कायदा लागू झाला तर तो मुख्यतः मुंबईत. गोवा पोर्तुगीजांकडे होता, म्हणजे भारतीय करकायद्याच्या दृष्टीने परदेश. मुंबईत नोकरी करणारा, धोबी तलावाच्या कुडीत, म्हणजे गोमंतकीयांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहणारा तारवटी (खलाशी) सुट्टीला गोव्यात गेला, की तो भारताच्या करक्षेत्राबाहेर जात असे. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका आणि नंतर आखात अशी आपली माणसे पसरत गेली, पण त्यांचे घर ज्या जमिनीवर होते तिथे हा कायदा पोहोचलेला नव्हता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नवा आयकर कायदा, म्हणजे १९६१ चा, देशात १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला. गोवा, दमण, दीवसह नव्या केंद्रशासित प्रदेशांना तो १९६३ च्या एका विनियमाने १ एप्रिल १९६३ पासून लावण्यात आला. त्या दिवसापासून गोव्यातल्या घरात काढलेला प्रत्येक दिवस 'भारतात काढलेला दिवस' झाला.

नव्या कायद्यात घराची अट राहिलीच, फक्त जरा सैल झाली. १८२ दिवस घर ठेवलेले असेल आणि माणूस वर्षात ३० दिवस आला असेल, तर निवासी. आपल्याकडच्या घरांच्या हिशेबाने ही अट जाचक होती. डिचोली, सत्तरी, फोंड्याकडची जुनी घरे एका माणसाच्या नावावर क्वचितच असतात. घरी म्हातारे आईवडील, एखादी विधवा आत्या, देवघरात रोजची पूजा, मागे कुळागर. ते घर आफ्रिकेतल्या किंवा बहारीनच्या मुलासाठी म्हणून कोणी उघडे ठेवत नाही, ते उघडेच असते. असे घर 'त्याच्यासाठी ठेवलेले' धरायचे का, यावर देशात खटलेही झाले. एक महिन्याच्या रजेवर येणाऱ्या नोकरदाराला निवासी धरणारा हा नियम माझ्या मते अन्यायाचा होता, कारण त्याने आईबापांच्या घराचा करबंधनाचा पुरावा करून टाकला.

तो गेला १९८२ च्या वित्त कायद्याने. तेव्हा प्रणव मुखर्जी अर्थमंत्री होते. देशाला परकीय चलन हवे होते आणि आखातातल्या भारतीयांची बचत डोळ्यांसमोर होती. घराची अट १ एप्रिल १९८३ पासून काढून टाकली गेली. उरले ते फक्त दिवस. वर्षात १८२ दिवस, किंवा वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला ६० ऐवजी १८२ दिवसांची मुभा मिळाली, आणि परदेशातून भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला ९०. पुढे ९० चे १५० झाले, आणि १९९४ साली मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना १८२. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने याचे कारण सरळ सांगितले होते. ज्यांनी भारतात गुंतवणूक केली आहे त्यांना ती सांभाळायला वारंवार यावे लागते आणि इथे राहावे लागते. म्हणजे १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटातून बाहेर आलेला देश आपल्या माणसांना सांगत होता, या, पैसा आणा, हवे तितके राहा.

गोव्यात या मोकळिकीचा अर्थ एका धंद्यातल्या लोकांना सर्वांत जवळून कळला. तारवटी. जहाजावरच्या माणसाचा दिवस कुठला धरायचा, हा प्रश्न कायद्याने बराच काळ धड सोडवला नव्हता. परदेशी जहाजावरच्याचे एक वेळ ठीक, पण भारतीय जहाजावरचा खलाशी भारताच्या सागरी हद्दीत असतानाचे दिवस आत धरायचे की बाहेर? १९९० मध्ये भारतीय जहाजावरच्या खलाशांनाही १८२ दिवसांची मुभा मिळाली, तरी मोजणीचा वाद राहिला. तो मिटला २०१५ मध्ये, आयकर नियमावलीत १२६ वा नियम आल्यावर. परदेशगमन करणाऱ्या जहाजावरच्या भारतीय खलाशाच्या सीडीसीत (खलाशाच्या नोकरीच्या नोंदपुस्तिकेत) जहाजावर चढल्याची जी तारीख आणि उतरल्याची जी तारीख, त्यांच्या मधला काळ भारतातल्या मुक्कामातून वगळायचा. म्हणून वास्को आणि मडगावचे सीए सर्वांत आधी सीडीसी मागतात. पासपोर्ट नंतर.

दुसरा वाद पगार कुठल्या खात्यात येतो याचा. पगार थेट भारतातल्या एनआरई (अनिवासींसाठीच्या) खात्यात जमा झाला म्हणून तो 'भारतात मिळालेले उत्पन्न' धरून काही खलाशांना नोटिसा गेल्या. बँक घराजवळची निवडली, एवढाच त्यांचा दोष. ११ एप्रिल २०१७ च्या १३ क्रमांकाच्या परिपत्रकाने मंडळाने हे थांबवले. अनिवासी खलाशाने परदेशी जाणाऱ्या जहाजावर केलेल्या कामाचा पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही.

मग आला १ फेब्रुवारी २०२०. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पाने पंचवीस वर्षांची मोकळीक आखडती घेण्याचा प्रस्ताव मांडला. भेटीला येणाऱ्यांची १८२ दिवसांची मर्यादा १२० वर आणायची, आणि जो भारतीय नागरिक कुठल्याच देशात करपात्र नाही त्याला भारतात निवासी मानायचे. सरकारचे म्हणणे होते की काही लोक धंदा भारतातून चालवतात आणि दिवस मोजून-मापून कायमचे अनिवासी राहतात. हा मुद्दा खोटा नव्हता. पण मूळ मसुद्याचा फटका आखातातल्या प्लंबरलाही बसला असता. केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, आणि अर्थ मंत्रालयाला दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारीला, खुलासा करावा लागला की आखातात प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांच्या तिथल्या कमाईवर कर लावायचा हेतू नाही.

अखेर कायद्यात जे आले ते बरेच सौम्य होते, आणि तेच आज चालते. परदेशातले उत्पन्न वगळून ज्याचे बाकीचे एकूण उत्पन्न १५ लाख रुपयांपेक्षा जास्त आहे, त्याच्यासाठीच १२० दिवस, तेही आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरले असतील तर. बाकीच्यांना पूर्वीचेच १८२. आणि १२० ते १८१ दिवसांत सापडलेला माणूस पूर्ण निवासी होत नाही, तो आरएनओआर राहतो. त्याच्या परदेशातल्या पगाराला हात लागत नाही. फक्त भारतातून चालवलेल्या धंद्याचे परदेशातले उत्पन्न करात येते. 'कुठेच करपात्र नाही' म्हणून निवासी मानलेल्यालाही १५ लाखांची तीच अट आणि तोच आरएनओआर दर्जा आहे. घरभाडे आणि मुदत ठेवींचे व्याज धरून १५ लाखांच्या आत राहणाऱ्या नोकरदाराने १२० या आकड्याने घाबरायचे कारण नाही. गावात मात्र '१२० च्या वर राहिलास तर सगळा पगार जातो' हे वाक्य अजून फिरते. चवथीला आलेली माणसे त्या भीतीने शिगम्याआधीच परततात, हे बघून वाईट वाटते.

हे नियम रुजायच्या आतच कोविड आला. क्रूझ जहाजे बंद पडली, विमाने थांबली, आणि रजेवर आलेले कित्येक खलाशी महिनोन्महिने गोव्यात अडकले. २०१९-२० साठी मंडळाने ८ मे २०२० च्या परिपत्रकाने दिलासा दिला. २२ मार्चपूर्वी आलेला आणि टाळेबंदीमुळे ३१ मार्चपर्यंत जाऊ न शकलेला असेल, तर २२ ते ३१ मार्च हे दिवस मोजायचे नाहीत. पण २०२०-२१ साठी सरसकट सवलत मिळाली नाही. ३ मार्च २०२१ च्या परिपत्रकात दुहेरी कराचा खरोखर फटका बसणाऱ्यांना ३१ मार्चपर्यंत अर्ज करायला सांगितले गेले. जहाजच नसलेल्या खलाशाकडून देश सोडण्याची अपेक्षा कायद्याने ठेवणे मला आजही पटत नाही.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांचे गणित वेगळे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येते. ते घेताच भारतीय नागरिकत्व जाते, आणि त्याबरोबर 'कुठेच करपात्र नाही' हे कलमही लागू होत नाही, कारण ते फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. १८२ आणि १२० चे नियम मात्र भारतीय वंशाच्या व्यक्तीलाही लागतात. इथे एक अडचण कायद्यातच आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात भारतीय वंशाचा म्हणजे जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजी-आजोबा 'अविभाजित भारतात' जन्मले तो. पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या आजीला हे वर्णन नीट बसत नाही. नागरिकत्व कायद्याने ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, या दर्जासाठी १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशांचा वेगळा उल्लेख केला आहे. करकायद्यानेही तो करायला हवा होता. भारतीय वंशाचा नसलेल्या परदेशी नागरिकाला ६० दिवसांचाच नियम लागतो, म्हणून हा तपशील क्षुल्लक नाही.

यातले पुष्कळजण इंग्लंडला, स्विंडनसारख्या शहरांत स्थिरावले. तिथे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, आणि दिवस मोजताना सर्वसाधारणपणे मध्यरात्री तुम्ही देशात होता का हे पाहतात. २०१३ पासूनच्या तिथल्या निवास-कसोटीत १८३ दिवस तर आहेतच, शिवाय कमी दिवसांतही घर, कुटुंब, नोकरी असे धागे मोजले जातात. तिथे निवासी ठरलेल्या माणसाने गोव्यातले घरभाडेही तिथल्या विवरणपत्रात दाखवायचे असते, आणि इथे भरलेल्या कराची वजावट दोन देशांतल्या करकरारानुसार मिळते. आपल्याकडे आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही दिवस धरून चालणे सुरक्षित.

शेवटी गोव्यापुरते खास असे, १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ५अ. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे अजून चालते, आणि वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. तिचे उत्पन्न कोणाच्या नावे धरायचे हा वाद बरीच वर्षे चालला, आणि १९९४ च्या वित्त कायद्याने १ एप्रिल १९६३ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने तो सोडवला. पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे. अनिवासी माणसासाठी याचे दोन परिणाम आहेत. १५ लाखांची मर्यादा पाहताना भाडे, व्याज, जमीनविक्रीचा नफा यांतला त्याचा निम्माच वाटा मोजला जातो. आणि नवऱ्याचा जहाजावरचा पगार बायकोच्या वाट्याला येत नाही, त्यामुळे गोव्यात राहणारी बायको पूर्ण निवासी असली तरी त्या पगारावर तिला कर लागत नाही. त्याचे परदेशातल्या बँकेतले व्याज मात्र पगार नव्हे. ते निम्मे तिच्या नावे येते आणि निवासी म्हणून तिच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. ही गोष्ट अनेक घरांत कोणी सांगितलेलीच नसते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला आहे. त्यात 'करवर्ष' हा शब्द नवा आहे, पण १८२, १२०, ६० आणि ३६५ हे आकडे तेच आहेत, १५ लाखांची रेषाही तीच, आणि गोव्यातल्या जोडप्यांची निम्मी वाटणीही ठेवली आहे. मोजणी १ एप्रिल ते ३१ मार्च अशीच होते. म्हणजे मे महिन्याची सुट्टी, चवथ, नाताळ आणि शिगमा एकाच वर्षात धरले जातात.