उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका, पावसाळ्यात तर नकोच

मे महिन्यात पुण्याहून नागपूरला निघालो होतो, जालन्याच्या जवळपास पंपावर हवा चेक केली तर मीटरवर ३८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप). सकाळी घरून निघताना ३२ होती. हवा भरणारा पोरगा म्हणाला, "काका, ऊन लई हाय, टायर फुटंल, कमी करतो," आणि मी काही बोलायच्या आत त्याने ३२ वर आणलीसुद्धा. मलाही तेव्हा बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात गार टायरवर मोजली तर २७!

रस्ता तापतो, हवा फुगते, म्हणून टायर फुटतो असा समज आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तो उलटा आहे म्हणूनच हे लिहितोय. हवा गरम झाली की प्रेशर वाढणारच, साधारण दर ६-७ डिग्रीला एक पीएसआय, म्हणजे २५ डिग्रीला ३२ असलेली हवा टायर ६५ डिग्रीपर्यंत तापला की ३८ होते, आणि हे टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं असतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा असतो तो गार टायरचा, गाडी पळवून आल्यानंतरचा नाही.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेमुळे. लोखंडाची तार तोडायला आपण पुढेमागे वाकवतो ना, तेव्हा वाकते तिथे हात लावून बघा, चटका बसतो. टायरच्या साईडवॉलचं, म्हणजे बाजूच्या भिंतीचं तसंच आहे, जमिनीला टेकली की दबते, वर गेली की सरळ होते, आणि प्रत्येक दबण्यात थोडी ऊर्जा उष्णता बनून रबरातच अडकते. समृद्धीवर १२० च्या स्पीडला टायर सेकंदाला साधारण १७ वेळा फिरतो, म्हणजे साईडवॉलचा प्रत्येक भाग सेकंदाला १७ वेळा वाकतो, तासन् तास. हवा कमी असेल तर ती जास्त खोल वाकते, जास्त तापते, आतले दोरे आणि रबर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि मग एका क्षणात सगळं संपतं. त्यात गाडीत पाच माणसं आणि डिकी गच्च भरलेली असेल तर विचारूच नका.

आता पावसाळा. टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी, आणि तेवढ्या जागेतून पाणी बाजूला सारायचं काम नक्षीच्या खाचा करतात. पाणी जास्त आणि स्पीड जास्त झाला की पाण्याला निघून जायला वेळच मिळत नाही, ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि गाडी चक्क पाण्यावर तरंगते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, तीच खूण. अशा वेळी ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा.

हे कोणत्या स्पीडला होतं? नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात ओल्या धावपट्टीवरच्या विमानांच्या टायरचा अभ्यास करून एक सोपं सूत्र दिलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमधल्या आकड्याचं) वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण १६.६ ने गुणा, की ताशी किलोमीटर मिळतात. ३२ च्या हवेला येतात ९४, आणि २४ च्या हवेला ८१. म्हणजे हवा कमी केली की टायर लवकर तरंगतो, कारण पाण्याला खाली दाबून धरायची ताकद त्या हवेचीच असते. हे गणित नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरचं आणि खोल पाण्याचं आहे, चांगल्या नक्षीला आणि पातळ पाण्याला थोडी सवलत मिळते. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते, कायद्याने १.६ पर्यंत चालते, पण पावसासाठी मला १.६ फारच कमी वाटते, मी ३ ला बदलतो. खाचांमध्ये आडव्या छोट्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या लेव्हलला आली की टायर संपला.

हवा मुद्दाम कमी करायची ती वाळूत, तिथे टायर पसरून रुतत नाही, पण डांबरी रस्त्यावर आल्याबरोबर परत भरायची.

आता मी हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरच्या वर चालायच्या आत चेक करतो, महिन्यातून दोनदा. स्टेपनीचीसुद्धा.