तीन कप्प्यांची पिशवी आणि कळकलेलं ताक

शेजारचे काका सध्या नाशिकच्या एका रुग्णालयात आहेत. आतड्याचं ऑपरेशन झालंय, तोंडाने काही नाही, सगळं पोषण शिरेतून. भेटायला गेलो तर काकू वैतागलेल्या. "एवढी महागाची पिशवी, तरी त्यात व्हिटॅमिनं नाहीतच! सिस्टर रोज वेगळं इंजेक्शन घालतात. बिल वाढवायचे धंदे, दुसरं काय?"

तसं नाहीये. पिशवीच्या तीन कप्प्यांत ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि दुधासारखं दिसणारं स्निग्ध मिश्रण असतं. हे महिनोन्‌महिने टिकतं. जीवनसत्त्वं टिकत नाहीत, आणि सगळ्यांत आधी हातचं जातं ते क.

क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन द्यायला तयार, ऑक्सिजन घ्यायला तयार, पण दोघांचा थेट व्यवहार संथ चालतो. त्याला वेग देतं तांबं. रुग्णाला ते लागतंच, म्हणून पिशवीत असतं, दिवसाला जेमतेम ०.३ ते ०.५ मिलीग्रॅम. तांब्याचा आयन क कडून इलेक्ट्रॉन घेतो, ऑक्सिजनला देतो आणि पुन्हा घ्यायला मोकळा. तो स्वतः संपतच नाही, म्हणून एवढंसं तांबंही पुरतं. भांडी बाजारातून आणलेल्या पातेल्याची कल्हई उडाली की आजी त्यात ताक ठेवू देत नसे, कळकतं म्हणून. तिथे आंबट ताक धातू विरघळवतं, इथे तो आधीच विरघळलेला असतो.

यातून डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल बनतं. शरीर त्याचं पुन्हा क करू शकतं. पण पिशवीत थोड्याच वेळात त्याच्या रेणूतलं अणूंचं कडं पाण्याने फुटतं आणि डायकिटोग्युलोनिक आम्ल तयार होतं. तिथून परत फिरणं नाही.

हिशेब बघा: १ मिलीलिटर हवेतला ऑक्सिजन साधारण दीड मिलीग्रॅम क खातो. पिशवीत ३० मिलीलिटर हवा राहिली तर ४५ मिलीग्रॅम गेलं, आणि दिवसाचा डोस १०० ते २०० मिलीग्रॅमचा. फ्रिजमध्ये हे मंदावतं, थांबत नाही. म्हणून इंजेक्शन ऐन वेळी.

गल्लीबोळांत 'ताकदीचं' म्हणून जे पिवळं सलाईन चढवतात, त्याचा पिवळेपणा ब२ चा. जेवणाऱ्या माणसाच्या शरीरातून जास्तीचं ब२ लघवीवाटे निघून जातं. त्यासाठी पैसे मोजू नका.

काकांच्या पिशवीवर गडद आवरण होतं. ते मुख्यतः अ जीवनसत्त्वासाठी, कारण उजेडात ते झपाट्याने नासतं. किती उरलंय ते दिसावं म्हणून काकूंनी आवरण वर सरकवलं होतं, आणि खाट नेमकी खिडकीशी. कारण कळल्यावर त्यांनीच उठून ते खालपर्यंत ओढलं.