हिच करकरते की ठोकते? ग्रीसचा डबा उघडण्यापूर्वी

गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढताना मागून आवाज यायला लागला की बहुतेकांचा हात आधी ग्रीसच्या डब्याकडे जातो, आणि घोळ नेमका तिथेच होतो. हिचमधून, म्हणजे गाडी आणि कॅरॅव्हॅन जोडणाऱ्या भागांतून, मुख्यतः दोन जातींचे आवाज येतात. एक करकर: सावकाश वळताना, चढावरून सपाटीवर येताना, जुन्या बिजागरीसारखी लांबत जाणारी. दुसरा ठोका: गाडी सुटताना एक, ब्रेक मारल्यावर एक, खड्ड्यातून जाताना लागोपाठ दोन-तीन. गाडीत बसलेल्याला दोन्ही सारखेच वाटतात, कारण टो बार, म्हणजे टोकाला गोल बॉल असलेली ओढायची दांडी, गाडीच्या चासीला बोल्टने आवळलेला असतो आणि मागची मोकळी डिकी प्रत्येक आवाज ढोलासारखा मोठा करून पुढे पाठवते. पण करकर ही पृष्ठभागाची तक्रार आहे आणि ठोका ही फटीची. करकरीच्या जागी ग्रीस लावलं तर बहुतेक वेळा नुकसान होतं. ठोक्याच्या जागी बॉल घासत बसलात तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आधी एवढं बघा की कपलिंग, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या नाकावरचा बॉलवर बसणारा भाग, साधं आहे की घर्षणावर चालणाऱ्या स्टॅबिलायझरचं. साध्या कपलिंगमध्ये लोखंडी वाटी लोखंडी बॉलवर फिरते. तिथे बॉलला ग्रीसचा पातळ थर हवाच, आणि करकर आली तर ती कोरडेपणाची. स्टॅबिलायझरवाल्या कपलिंगला बहुधा दोन हँडल असतात: एक बॉलवर बसून लॉक होणारं, दुसरं पॅड दाबणारं. ते दुसरं हँडल खाली दाबलं की आतले घर्षण पॅड बॉलला घट्ट धरतात आणि कॅरॅव्हॅनची शेपटी डोलू देत नाहीत. आल्को कंपनीच्या एकेएस ३००४ कपलिंगमध्ये असे चार पॅड आहेत, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. विंटरहोफ कंपनीच्या डब्ल्यूएस ३००० मध्ये दोन, बाजूंना. या पॅडचं सगळं काम कोरड्या घर्षणावर चालतं. तिथे ग्रीस लागलं की आवाज थांबतो, आणि स्टॅबिलायझरही थांबतो. गप्प झालेला स्टॅबिलायझर बघून खूश होणारे लोक असतात. त्यांनी मोठा ट्रक शेजारून गेल्यावर कॅरॅव्हॅन कशी हलते ते आरशात बघावं.

करकर येते ती अशी. पॅड बॉलला धरून बसतो, वळण वाढलं की सुटून किंचित घसरतो, पुन्हा धरतो. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की किंचाळतो ना, तोच प्रकार. स्थिर असतानाचं घर्षण सरकतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं, म्हणून ही धर-सोड होते. तीही सावकाश आणि मोठ्या कोनातल्या वळणातच ऐकू येते, कारण सरळ रस्त्यावर वेगात असताना बॉलवरची हालचाल फारच थोडी असते. त्यामुळे पार्किंगमध्ये किंवा कॅम्पच्या फाटकातून आत वळताना थोडी करकर आली तर ती दुरुस्त करायची गोष्टच नव्हे. स्टॅबिलायझर काम करतोय एवढाच तिचा अर्थ.

मात्र आवाज एकदम वाढला, कर्कश झाला किंवा आधी नव्हता आणि आता प्रत्येक वळणावर येतो, तर कारण शोधायला हवं. बहुतेक वेळा ते बॉलवरच सापडतं. नवा टो बॉल रंग किंवा पावडर कोटिंग लावून येतो. तो रंग तसाच ठेवून स्टॅबिलायझर जोडला की रंगाची पूड पॅडवर बसते, पॅड काचेसारखा गुळगुळीत होतो आणि किंचाळायला लागतो. बॉलवर बोट फिरवा: काळा चिकट लेप लागला तर तो ग्रीस आणि धुळीचा राडा, तांबूस पूड लागली तर गंज, आणि नखाला रंगाची कड लागली तर रंग. दुसरा एक चोर नेहमी निसटतो. त्याच गाडीने मधल्या काळात साधा ट्रेलर ओढला, त्याच्या कपलिंगमध्ये ग्रीस होतं, ते बॉलवर राहिलं आणि तिथून कॅरॅव्हॅनच्या पॅडमध्ये गेलं. अशी अदलाबदल होत असेल तर कॅरॅव्हॅन जोडण्याआधी दर वेळी बॉल पुसून काढायचा, दुसरा इलाज नाही.

साफ करायची पद्धत सोपी आहे, फक्त क्रम चुकवू नका. आधी ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट कापडावर घेऊन बॉल पुसा, कापडाला काळं लागेनासं होईपर्यंत. मग २०० ते २४० नंबरचा सँडपेपर घेऊन रंग आणि गंज उतरवा. आधी घासून मग पुसलं तर ग्रीस पेपरात भरतं आणि तुम्ही तेच ग्रीस लोखंडावर चोळत बसता. शेवटी पुन्हा एकदा पुसा. पॅडवर नुसती चकाकी आली असेल तर त्याच नंबरच्या पेपरने हलक्या हाताने ती मारता येते. खरखरीत, मळकट रंगाचा पृष्ठभाग दिसला की थांबा. पॅडला ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने भिजवू नका. आणि पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर घासणं वाया जातं, कारण गरम झाल्यावर ते आतून पुन्हा बाहेर येतं. तिथे पॅड बदलायचे, तेही पूर्ण संच. पॅड किती झिजलेत ते हँडलजवळच्या खुणेवरून कळतं. खूण मर्यादेपलीकडे गेली आणि आवाज करकरीवरून खरडण्यावर आला, तर पॅड संपून लोखंड बॉलला लागायला आलंय असं समजा.

आता ठोका. इथे प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण ठोका म्हणजे दोन जड भाग कुठेतरी एकमेकांपासून सुटून पुन्हा आदळताहेत. आधी करकरवाल्याशी फारकत करून घ्या: मोकळ्या, सपाट जागी पॅडचं हँडल वर करा आणि सावकाश एक वळण घ्या. हात नेमका पॅडच्याच हँडलवर आहे ना, ते दोनदा बघा; कपलिंगचं लॉक तसंच राहिलं पाहिजे. करकर गेली तर ती पॅडची होती. ठोका मात्र राहतो, उलट कधीकधी जास्त स्पष्ट होतो. पॅडच बॉलला दाबून धरत होते आणि झिजलेली फट त्यांच्या आड लपली होती. हँडल पुन्हा खाली करायला विसरू नका.

फट नेमकी कुठे आहे ते खडूने शोधता येतं. गाडी आणि कॅरॅव्हॅन जोडलेली ठेवा, कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक पूर्ण ओढा. तीन ठिकाणी खडूची सरळ रेघ मारा: टो बारची मान जिथे सॉकेटमध्ये शिरते तिथे, बॉलच्या मानेवरून कपलिंगच्या कडेवर, आणि कपलिंगमागची सरकती नळी जिथे तिच्या घरात (बाहेरच्या लोखंडी कवचात) शिरते तिथे. एकाने गाडी अगदी हळू पुढे-मागे रेटायची, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. मध्ये उभं राहायचं नाही, वाकायचंही नाही. जी रेघ ठोक्याच्या क्षणी तुटते तिथे दोष. नळीच्या रेघेबद्दल एक सावधगिरी: तिथे हालचाल होणारच, ती नळी सरकण्यासाठीच आहे. तिथे बघायचं ते झटका. सावकाश सरकली तर ठीक, आपटली तर नाही.

बॉलची रेघ तुटली तर बॉल मोजा. व्हर्नियरने, आणि एकाच दिशेने नाही. नवा बॉल ५० मिमीचा असतो. ओढणं-ढकलणं पुढे-मागे होतं म्हणून झीजही त्याच दिशेने जास्त होते आणि बॉल किंचित अंडाकृती होतो. आडवं माप ४९.८ आणि पुढे-मागे ४९.३ असं निघू शकतं. धरायचं ते कमी असलेलं. ४९ मिमीला आलेला बॉल बाद, आणि स्टॅबिलायझरवाल्या कपलिंगचे निर्माते याहून कडक मर्यादा देतात, ती पुस्तिकेत बघा. बॉल ठीक असेल तर संशय कपलिंगवर. ते दुसऱ्या, मापात पक्क्या असलेल्या बॉलवर बसवून बघितलं तरी झीज दाखवणारी खूण लाल भागातच राहिली, तर कपलिंग बदलायचं. दोन इंची बॉल म्हणजे ५०.८ मिमी, हेही लक्षात असू द्या. दोन इंचाचं कपलिंग ५० मिमीच्या बॉलवर बसतं, लॉकही होतं, आणि पहिल्या दिवसापासून ठोकतं. उलट बाजूने ५० मिमीचं कपलिंग दोन इंची बॉलवर नीट उतरतच नाही, आणि ते जास्त धोक्याचं.

टो बारची रेघ तुटली तर काढता येणाऱ्या मानेचं सॉकेट मातीने किंवा गंजाने भरलेलं असतं, किंवा लॉक पूर्ण फिरलेलं नसतं. चौकोनी नळीत सरकवून पिन लावायच्या पद्धतीत थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मुळातच असतो. तिथे नळीला आवळून धरणारा क्लॅम्प बसवला की काम भागतं.

सर्वांत जास्त चुकीचं निदान होतं ते ओव्हररन यंत्रणेचं. गाडीचा ब्रेक लागला की कॅरॅव्हॅन पुढे रेटते, नळी आत सरकते आणि त्या दाबाने कॅरॅव्हॅनचे ब्रेक लागतात. नळीच्या आतला डॅम्पर हा धक्का मऊ करतो. तो गेला की ब्रेकवर ठक आणि सुटताना पुन्हा ठक. तपासायला कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडा, चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा आणि कपलिंग हाताने जोर लावून आत ढकला. चांगला डॅम्पर सहजी जाऊ देत नाही, आणि सोडल्यावर नळी आपणहून सावकाश बाहेर येते. लोण्यासारखी आत गेली किंवा आतच राहिली, तर डॅम्पर संपला. तो सीलबंद असतो, दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

पण डॅम्पर मागवण्याआधी दोन गोष्टी. कॅरॅव्हॅनच्या ब्रेकमधला गॅप वाढला असेल तर शू ड्रमला लागेपर्यंत नळीला फार आत जावं लागतं आणि ठोका तिथेही होतो. हँडब्रेकची दांडी नेहमीपेक्षा बरीच वर यायला लागली असेल तर हेच कारण धरा. समायोजन आधी चाकाकडून करायचं, ड्रममागच्या ॲडजस्टरवर. मधली ब्रेक रॉड आवळून भागवलेलं काम पुढे ब्रेक गरम करतं. दुसरं, कपलिंग धरून वर-खाली हलवा. नळी घरात डुगडुगत असेल तर बुश (नळीला आतून आधार देणाऱ्या कड्या) झिजलेत, किंवा नुसते कोरडे आहेत.

ग्रीसची जागा इथे आहे. यंत्रणेच्या घरावर बहुधा दोन निपल (ग्रीस भरायची छोटी तोंडं) असतात. वर्षातून निदान एकदा लिथियम ग्रीस भरायचं, नळीभोवतीच्या रबरी घडीच्या आत ताजं ग्रीस दिसेपर्यंत. घडी फाटली असेल तर आधी ती बदला, नाहीतर पावसाचं पाणी ग्रीस धुऊन नेतं आणि नळीला गंज धरतो. जादा आलेलं पुसून टाका. ते ओघळून कपलिंगच्या तोंडापाशी येतं, तिथून बॉलवर, आणि पुढच्या फेरीला पॅड पुन्हा किंचाळतात.

या सगळ्यात दोष सापडलाच नाही तर कपलिंगवरचं वजन मोजा. ते भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या ५ ते ७ टक्के असावं, गाडी आणि टो बारची मर्यादा न ओलांडता. १२०० किलोच्या कॅरॅव्हॅनला ६० ते ८४ किलो. सगळं जड सामान मागे भरल्यावर नाक हलकं होतं, वाटी बॉलवर वर-खाली उसळते आणि सगळे भाग नवे असूनही ठोकते. त्याआधी जॉकी व्हीलचा, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या नाकाखालच्या आधाराच्या चाकाचा, क्लॅम्प मात्र हलवून बघा. ते ढिलं राहिलं की हुबेहूब हिचसारखं खडखडतं.